स्तनाचा कर्करोग व कुटुंबाचा धर्म

(लोणी काळभोर येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण शिक्षणाविषयी, काटकसरीविषयी आणि लग्नकार्यातील अनाठायी खर्चाविषयी पुष्कळ ऐकतो. ते ऐकणे अवश्यच आहे. यंदा कार्यकारी मंडळाने विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली. आणि आम्ही जो विषय सांगितला तो ऐकून क्षणभर कोणी काही बोलेना. एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, "गुरुजी, सभेत बायामाणसे असतात. या विषयावर बोललेच पाहिजे काय?" आम्ही त्यांस नम्रपणे म्हटले, "बायामाणसे असतात म्हणूनच बोलले पाहिजे; आणि पुरुष असतात म्हणून तर अधिकच बोलले पाहिजे." अध्यक्ष महाराजांनी ते मान्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहो.

आम्ही वैद्य नाही. शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेला, आणि प्राथमिक शाळेत मुलांस बाराखडी व पाढे शिकवून निवृत्त झालेला शिक्षक, एवढाच आमचा अधिकार. परंतु २०१८ साली आमच्या सौभाग्यवतींस स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, औषधोपचार, किरणोपचार हे सर्व यथाक्रम पार पडले आणि ईश्वरकृपेने त्या आज समोर भगिनींच्या रांगेत बसल्या आहेत. आम्ही जे सांगणार आहो ते त्यांस आधी वाचून दाखविले आहे. "सांगा. कोणाच्या तरी उपयोगी पडेल," असे त्यांनी म्हटले, तेव्हाच आम्ही येथे उभे राहिलो. रोगावर इलाज डॉक्टर करतात. त्याविषयी आम्ही थोडेच बोलू. त्या रोगाबरोबर घरात जे भय, जी लाज, जो अबोला आणि जो दुरावा शिरतो, त्यावरचा इलाज कुटुंबाच्या व समाजाच्या हाती आहे. आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्याविषयी आहे.

प्रथम शब्दाचीच गोष्ट घेऊ. कारण शब्द हाच शिक्षकाचा धंदा. आपल्या भाषेत आईच्या दुधाची थोरवी केवढी! आईच्या दुधाची शपथ आपण घेतो, तिच्या दुधाचे ऋण फिटत नाही असे म्हणतो, लेकरू दृष्टीस पडताच पान्हा फुटला असे वर्णन करतो. परंतु ज्या अवयवातून ते दूध येते त्याचे नाव मात्र चारचौघांत उच्चारीत नाही. मूल 'अंगावर पिते' असे म्हणतो. म्हणजे एका अवयवाचे नाव टाळण्यासाठी सगळ्या अंगाचे नाव घेतो! यात शालीनता आहे हे आम्ही जाणतो, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या जागी गाठ आली म्हणजे हीच शालीनता स्त्रीच्या जिवावर उठते. तिला सांगावयाचे असते, पण सांगावयास शब्दच नसतो. "छातीत जरा कसेसेच होते," असे ती म्हणते. घरातील माणूस ते पित्तावर ढकलतो. आणि महिने निघून जातात.

'कर्क' म्हणजे खेकडा. प्राचीन ग्रीक वैद्यांनी या रोगास खेकड्याचे नाव दिले आणि आपणही तेच नाव घेतले. हे नाव ऐकताच माणसाचे हातपाय गळतात. परंतु रोगाच्या नावाचे भय कायम राहत नाही, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात थोरल्या माधवराव पेशव्यांनी १८ नोव्हेंबर १७७२ रोजी देह ठेवला, तो राजयक्ष्म्याने. पेशव्यांच्या वैभवासही त्या दुखण्यावर औषध मिळाले नाही. पुढे दीडशेहून अधिक वर्षे क्षयाचे नाव घरात कुजबुजूनच घेतले जाई. क्षयी माणसाच्या घरी सोयरीक करावयास लोक कचरत. औषधे निघाली, रोगी बरे होऊ लागले, आणि आज क्षयाचा रुग्ण सरकारी दवाखान्यातून औषधे आणून बरा होतो. कर्करोगाच्या बाबतीत औषधे आता आली आहेत; आपली जीभ मात्र अजून जुन्या काळात अडकली आहे.

हा रोग आपल्यापासून दूर आहे, असेही कोणी मानू नये. भारतातील स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज हाच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांस तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तो बहुधा कमी वयात होतो. म्हणजे संसार ऐन भरात असताना, मुले शिकत असताना, मुलींची लग्ने व्हावयाची असताना. क्वचित पुरुषांसही होतो.

त्याची खूण प्रत्येक घरात ठाऊक असावी. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, स्तनावरील कातडी आत ओढली जाणे किंवा संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड आत वळणे, त्यातून रक्तमिश्रित पाणी येणे, यांपैकी काही दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे खरे. पण ते ठरविणे तपासणीचे काम आहे, शेजारणीचे नव्हे. आणि विशेष लक्षात ठेवण्याजोगे हे की, कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. आपल्या भगिनींचा नियम असा की, दुखेल तेव्हा पाहू. तोवर खुरपणी उरकू द्या, ऊस जाऊ द्या, दिराचे लग्न होऊ द्या. ती गाठ कोणाचे लग्न होईपर्यंत थांबत नाही.

लवकर दाखविण्याने काय साधते याचा उत्तम पुरावा आपल्या मुंबईनेच जगास दिला आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्या दुःखातून हा संकल्प जन्मास आला. याच रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा, डॉ. गौरवी मिश्रा प्रभृतींनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या वस्त्यांत खास शिकवून तयार केलेल्या स्त्री-कार्यकर्त्यांनी दोन-दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन केवळ हातांनी तपासले. वीस वर्षांनंतर, २०२१ साली, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग अलीकडच्या अवस्थेतच सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांनी शंका येताच डॉक्टरांकडे जाणे हाच मार्ग. सांगण्याचा हेतू इतकाच की, एवढे मोठे कार्य महागड्या यंत्राने नव्हे, शिकविलेल्या हातांनी व मोकळ्या बोलण्याने झाले.

आता मनाच्या गोष्टीकडे वळतो. स्त्री हे दुखणे लपविते ते पुष्कळदा अज्ञानामुळे नव्हे, तर प्रेमामुळे. घरच्यांस घोर लागू नये, पैसा खर्च होऊ नये, असे तिला वाटते. इंग्लंडातील फॅनी बर्नी ही कादंबरी-लेखिका पॅरिस येथे राहत असता तिच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी स्तनाची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा भूल देण्याचे औषध निघाले नव्हते. त्या दिवशी पती घरी नसावेत अशी व्यवस्था तिने आपण होऊन केली. त्यांना ते दृश्य सोसवणार नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. कित्येक महिन्यांनी आपल्या बहिणीस पत्र लिहून तिने ती हकिकत कळविली. त्यानंतर ती २८ वर्षांहून अधिक जगली. दोनशे वर्षांपूर्वीची परक्या देशातील ही बाई आणि आपल्या लोणीच्या रानात गाठ पदराआड झाकून खुरपणी करणारी बाई, या दोघींचे मन एकच आहे. त्या प्रेमास आम्ही वंदन करतो. परंतु ज्यांच्यासाठी ती लपविते त्यांनीच तिला सांगितले पाहिजे की, "बाई, तुझे मौन आम्हांस नको, तू आम्हांस हवीस."

रोगाचे निदान झाले म्हणजे घरात पहिले चार दिवस कोणास काही सुचत नाही. मग शस्त्रक्रिया ठरते. अमेरिकेतील हालस्टेड नामक शल्यविशारदाने १८८२ सालापासून जी पद्धत रूढ केली तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील गाठीही काढीत. ती पद्धत कित्येक दशके चालली. पुढे १९८१ साली इटलीत व्हेरोनेसी यांनी व १९८५ साली अमेरिकेत फिशर यांनी प्रयोगांनी सिद्ध केले की, गाठ लहान असताना तेवढाच भाग काढून किरणोपचार दिल्यास स्त्री तितकीच वर्षे जगते; स्तनही राखता येतो. म्हणजे लवकर जाणाऱ्या स्त्रीचा पुष्कळदा जीवही राहतो आणि शरीरही. उशीर झालेल्या स्त्रीस मात्र बहुधा पुरता स्तन गमवावा लागतो.

हे गमावणे म्हणजे काय, ते पुरुषाने समजून घेतले पाहिजे. हात मोडला तर माणूस गळ्यात झोळी बांधून चावडीवर बसतो आणि दहा जणांस हकिकत सांगतो. या स्त्रीस आपली जखम कोणाला दाखविता येत नाही. ज्या अंगावर तिने लेकरे वाढविली, ज्याने ती स्वतःस स्त्री म्हणून ओळखीत आली, ते अंग आता सपाट झालेले असते. ती आरशापुढे उभी राहत नाही. न्हाणीघरात दिवा लावीत नाही. पदर दुहेरी घेते. घरात कोणी दुःखाने बोलले तरी तिला टोचते, आणि कोणी काहीच बोलले नाही तरी टोचते.

आमच्या घरचा अनुभव सांगतो. शस्त्रक्रियेनंतर जखमेतून पाणी वाहून जावे म्हणून एक नळी व तिला जोडलेली पिशवी काही दिवस अंगाशीच ठेवतात. त्या पिशवीतील पाणी दररोज मोजून लिहून ठेवावे लागते. परिचारिकाबाईंनी ते काम आमच्या सुनेस शिकवावयास घेतले, तेव्हा आम्ही म्हटले, "आम्हांस शिकवा." सौ. संकोचाने भिंतीकडे तोंड करून बसल्या. हलकेच म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही कशाला बघता?" आम्ही शाळेची एक कोरी वही घेतली, तीत तारीख, वेळ व मापे यांचे रकाने आखले आणि सकाळ-संध्याकाळ आकडे लिहू लागलो. पहिल्या दोन दिवशी आम्ही दोघेही फक्त आकड्यांविषयीच बोललो. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारले, "आज किती आले? कालपेक्षा कमी ना?" आणि भिंतीकडे फिरविलेले तोंड आमच्याकडे वळले. आम्ही त्यांस काही उपदेश केला नव्हता, तत्त्वज्ञान सांगितले नव्हते. पतीने जखम पाहिली आणि तो उठून गेला नाही, एवढेच त्यांस कळावयाचे होते.

बंधूंनो, या ठिकाणी दांपत्यजीवनाविषयी दोन शब्द स्पष्ट बोलणे आमच्या वयास शोभेल. हा रोग स्पर्शाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने, पतिपत्नीच्या सहवासाने तो पसरत नाही. असे असता कित्येक पती बायकोची खाट वेगळी करतात. काहींस तिला इजा होईल अशी भीती वाटते, काहींस काय बोलावे ते सुचत नाही; पण ती मात्र त्याचा एकच अर्थ लावते, तो हा की, आता आपण नकोशा झालो. तिला भीती वाटत असेल तर विचारावे. आपल्याला वाटत असेल तर सांगावे. आणि इच्छा नसेल तेव्हा नुसता हात हातात घेऊन बसावे. औषधांमुळे पाळी अकाली थांबणे, अंगाची एकाएकी लाही होणे, झोप न लागणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींस होते. पाच ते दहा वर्षे घ्यावयाच्या काही गोळ्यांनीही तसे होते. तो स्वभावातला दोष नव्हे, औषधाचा परिणाम होय, हे पतीने जाणले तर अर्धी भांडणे होणारच नाहीत. तरुण दांपत्यास पुढे मूल हवे असेल, तर त्यांनी उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांस विचारावे. नंतर विचारण्यात कित्येकदा वेळ निघून गेलेली असते.

पतीचेही एक दुःख असते आणि ते कोणी विचारीत नाही. सारे जण "बाईंची तब्येत कशी आहे?" असे विचारतात, तो "बरी आहे" म्हणून पुढे जातो. रात्री हिशेब घेऊन बसतो, पहाटे पुण्याची गाडी धरतो, रुग्णालयाच्या व्हरांड्यात तासन्‌तास उभा राहतो. रडणे त्याला लहानपणापासून मना केलेले आहे. अशा माणसास त्याच्या मित्रांनी चहाच्या निमित्ताने बाहेर न्यावे आणि बोलते करावे. ही करमणूक नव्हे, शुश्रूषाच आहे.

केसांची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. औषधांचा पहिला हप्ता झाला की दोन-तीन आठवड्यांत बहुधा केस गळू लागतात. ते पुढे परत येतात, हे डॉक्टर सांगतात. पण आपल्या समाजात स्त्रीच्या उघड्या डोक्याला एक जुना अर्थ चिकटलेला आहे. आमच्या आजीने तिच्या बालपणी पाहिलेल्या केशवपन केलेल्या विधवांच्या कथा आम्ही तिच्याच तोंडून ऐकल्या आहेत. महात्मा फुले, पंडिता रमाबाई, महर्षी कर्वे यांच्यासारख्यांच्या खटपटीने ती दुष्ट रूढी गेली, पण तिची सावली मनातून गेलेली नाही. नवरा हयात असताना डोक्यावर केस नसणे हे पाहून आमच्याकडे आलेल्या एक आजीबाई "अगबाई, सवाष्णीचे हे काय रूप!" असे बोलून गेल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हते. परंतु त्यानंतर दोन महिने सौ. दारापर्यंत आल्या नाहीत. आणि त्या वर्षी एका घरच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे बोलावणेही आले नाही. भगिनींनो, कुंकू हे कपाळावर असते, ते केसांवर अवलंबून नाही. जिचे केस गळले तिला सवाष्ण म्हणून आधी बोलवा आणि तिची ओटी भरा. त्या एका नारळाने तिला जे बळ येईल ते कोणत्याही बाटलीतील औषधाने येणार नाही.

काखेतील गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हातास सूज येण्याचा संभव असतो. म्हणून त्या हाताने जड हंडा उचलू नये, घट्ट बांगड्या भरू नयेत, त्या हाताला जखम होऊ देऊ नये आणि शिकविलेला व्यायाम नित्य करावा, असे सांगतात. ऐकावयास हे सोपे वाटते. पण आमच्या सौ.ना शस्त्रक्रियेपेक्षा अधिक रडू आले ते उजव्या हाताने पूर्वीसारखी भाकरी थापता येईना तेव्हा. ज्या चुलीवर तिचे राज्य होते तेथे ती पाहुणी झाली. अशा वेळी "तू बस, आम्ही करतो" एवढे म्हणणे पुरत नाही. तिला झेपेल असे काम तिच्याकडे मुद्दाम ठेवावे. तिचा सल्ला घ्यावा. घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला राहू द्याव्यात.

मुलांपासून दुखणे दडविण्याची आपल्याकडे फार रीत आहे. "आई मामाकडे गेली आहे," असे सांगतात. मुले शाळेत येतात ती सैरभैर होऊन. हे आम्ही वर्गात प्रत्यक्ष पाहिले आहे. लहान मुलास वाटते, आपल्याच हट्टामुळे आई आजारी पडली. त्यास त्याच्या वयास समजेल इतके खरे सांगावे: आईला गाठ झाली आहे, डॉक्टर औषध देत आहेत, केस जातील आणि परत येतील, आणि यात तुझा काही दोष नाही. तसेच घरात मोठी मुलगी असेल तर सारा संसार तिच्या डोक्यावर देऊन तिची शाळा बंद करू नये. पोळ्या मुलासही लाटता येतात.

भेटीस येणाऱ्यांविषयीही सांगितले पाहिजे. कोणी येतो आणि "आमच्या अमक्या नात्यातली बाई याच रोगाने गेली," असे सांगून जातो. कोणी कुठल्याशा बुवाची पुडी देतो आणि डॉक्टरांचे औषध थांबवावयास सांगतो. कोणी विचारतो, "कुणाची दृष्ट लागली? मागल्या जन्मीचे काही असेल का?" रोग हा पापाचे फळ नव्हे. आपण आषाढवारीच्या वेळी काय करतो ते आठवा. तुकोबारायांची पालखी पुण्याहून निघून आपल्या लोणीस मुक्कामास येते, तेव्हा आपण वारकऱ्यास त्याचे गाव विचारीत नाही, त्याचे पाप-पुण्य विचारीत नाही. पाणी देतो, भाकरी देतो, पाय चेपतो. घरातील आजारी बाईची वाटही लांबची आणि चढाची आहे. तिच्याशी तसेच वागावे. जेवणाचा डबा द्यावा, रुग्णालयात सोबत जावे, तिचे बोलणे ऐकून घ्यावे, आणि लवकर उठावे.

ज्या स्त्रिया या वाटेने गेल्या आहेत त्यांचे बोलणे सर्वांत अधिक लागू पडते. अमेरिकेत टेरीज लासर या बाईंनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली असा प्रघात पाडला की, बरी झालेली स्त्री नव्या रुग्णास भेटावयास जाई आणि 'मीही यातून गेले' असे सांगे. त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी १९७४ साली आपली शस्त्रक्रिया लपविली नाही, जाहीर केली. तेव्हा असंख्य स्त्रिया तपासणीसाठी पुढे आल्या. आपल्याकडेही १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीसारख्या संस्था रुग्णांस आधार देत आल्या आहेत. आपल्या सोलापूर रस्त्यानेच पुढे गेल्यावर बार्शी लागते. तेथे १९८७ सालापासून खेड्यापाड्यांतील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवली जात आहे. म्हणजे खेड्यातली बाई कोणाच्या गणतीत नाही, असे आता म्हणता येणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे व्याख्यान मुख्यतः या मंडळापुढे दिले, तिच्याकडे येतो. आपल्या स्त्रिया हे दुखणे लपवितात त्याचे सर्वांत मोठे कारण लाज नव्हे, मुलीचे लग्न होय. "बाहेर कळले तर पोरीला स्थळ येणार नाही," या एका वाक्याने किती माउलींचे प्राण घेतले असतील ते परमेश्वरास ठाऊक. हे भय खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या कन्येची सोयरीक एका ठिकाणी जुळत आली होती. पत्रिका जुळली, पाहुणे येऊन गेले. तिच्या आईच्या दुखण्याची बातमी गेली आणि आठ दिवसांत "मुलाचा विचार सध्या नाही," असा निरोप आला. त्या रात्री सौ. म्हणाल्या, "मी नसते तर बरे झाले असते." औषधांचे सहा हप्ते धैर्याने सोसलेली बाई त्या एका निरोपाने खचली.

यास्तव या भयात तथ्य किती ते समजून घ्या. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहा जणींतच तो आनुवंशिक दोषामुळे होतो. बाकीच्यांत तसा दोष आढळत नाही. यांतील दोन प्रमुख दोषांचा शोध १९९४ व १९९५ साली लागला, त्यांस बी.आर.सी.ए. अशी नावे आहेत. तो दोष जसा आईकडून येतो तसाच बापाकडूनही येऊ शकतो, आणि ज्याच्या ठायी तो आहे त्याच्या अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो. तेव्हा मुलीच्या आईचे दुखणे पाहून स्थळ नाकारणाऱ्या वरपित्याने आपल्याही घराण्याकडे पाहावे. ज्या घरात आई, मावशी, आत्या, आजी अशा अनेकींस किंवा अगदी तरुण वयात हा रोग झाला असेल, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन रक्ताची परीक्षा करून घ्यावी. अशी मुलगी सावध राहते, वेळेवर तपासून घेते. बेसावध राहणाऱ्यांपेक्षा ती अधिक सुरक्षित नव्हे काय? आमच्या कन्येचे पुढे आपल्याच ज्ञातीतील एका सुजाण घरी लग्न झाले. आम्ही सर्व हकिकत आधीच सांगितली होती. तेव्हा वराच्या मातोश्री म्हणाल्या, "दुखणे कोणाच्या घरी नाही? आईची सेवा केलेली मुलगी आमच्या घरात येते आहे, हे आमचे भाग्य." आम्ही पुष्कळ पुस्तके वाचली, परंतु इतके शहाणपणाचे वाक्य थोडेच वाचले.

काही भगिनींचे दुखणे उपचारांपलीकडे जाते, हेही सांगणे प्राप्त आहे. अशा वेळी तिच्यापुढे खोटा उत्साह मिरवू नये. तिला काय सांगावयाचे आहे, मुलांविषयी काय इच्छा आहे, कोणास भेटावयाचे आहे, हे विचारावे. वेदना सोसणे हा पराक्रम नव्हे; वेदना शमविणारी औषधे आहेत. मुंबईस वांद्रे येथे शांती आवेदना सदन १९८६ साली याच कामासाठी सुरू झाले. बऱ्या झालेल्यांच्याही मनात रोग उलटण्याची भीती असतेच. प्रत्येक तपासणीच्या आधी आमच्या घरी आठवडाभर कोणास धड जेवण जात नाही. तेव्हा आम्ही "काही होत नाही," असे म्हणत नाही. "बरोबर येतो," असे म्हणतो.

खर्चाविषयी एवढेच की, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांस साहाय्य मिळते आणि रेल्वेतही अशा रुग्णास व त्याच्या सोबत्यास भाड्यात सवलत आहे. चौकशी करण्यात संकोच बाळगू नये.

शेवटी मंडळापुढे चार विनंत्या ठेवतो. पहिली, आपल्या वधूवर नोंदवहीच्या आरंभी असे छापावे की, आईबापांच्या कर्करोगाच्या कारणावरून कोणत्याही सभासदाने स्थळ नाकारू नये. दुसरी, मंडळाच्या हळदीकुंकवाच्या समारंभास दरवर्षी एका स्त्री-डॉक्टरांस बोलवावे. वाण लुटण्याबरोबर भगिनींनी तपासणीची माहितीही घ्यावी. तिसरी, ज्या भगिनी या दुखण्यातून गेल्या आहेत त्यांच्यापैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी नव्या रुग्णाच्या घरी भेटीस जावे. या कामी आमच्या सौ.नी आपले नाव प्रथम दिले आहे. चौथी, विद्यार्थी-साहाय्य निधीतून अशा घरातील मुलामुलींची फी भरावी, म्हणजे आईच्या दुखण्यापायी कोणाचे शिक्षण थांबणार नाही.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस फार पैसा लागत नाही. ज्ञातिमंडळ ही एका अर्थाने मोठी सोयरीकच आहे. आणि सोयऱ्याने संकटात पाठ फिरविली तर त्यास सोयरा म्हणावयाचे कशासाठी? उद्या आपल्यापैकी एखाद्या घरी एखादी लेक, सून किंवा सासू दबल्या आवाजात म्हणेल, "मला येथे गाठ लागते आहे." त्या वेळी घरातील माणसाने "उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ, मी बरोबर येतो," एवढे म्हटले, तरी आजचा आपला वेळ सत्कारणी लागला असे आम्ही समजू.